भाषेच्या तासाला नाटक केलं तर वेळ वाया कसा जातो? शिक्षण आयुक्त, एससीईआरटी आणि बालभारतीला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी), पुणे
मा. संचालक, बालभारती, पुणे

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. गाव सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात आहे. तालुका कोणता ते मुद्दाम लिहीत नाहीये, मला कोणावर कारवाई करून घ्यायची नाहीये आणि स्वतःवर तर अजिबातच नाही. तपासणीला आलेल्या साहेबांच्या मागच्या भेटीत आमच्या शेरेबुकात एक शेरा पडला, "भाषा विषयाच्या तासिकेत नाच व नाटक सुरू असल्याचे आढळले. अध्यापनाचा वेळ वाया जाणार नाही याची दक्षता घ्यावी." खाली सही, तारीख. साहेब काही वाईट नाहीत हो, त्यांनी हातातला फॉर्म बघून लिहिलं, फॉर्ममध्ये जे नाही ते त्यांना दिसलं नाही. म्हणजे माझं भांडण फॉर्मशी आहे आणि फॉर्म वरून येतो, म्हणून पत्रही वरच पाठवतेय. उघड पत्र अशासाठी की असा शेरा मिळालेली मी काही एकटी नाही, आजूबाजूच्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे चहाच्या वेळी विषय काढला की कितीतरी जणांकडून असाच किस्सा निघतो, फक्त कागदावर कोणी घेत नाही.

त्या दिवशी वर्गात नेमकं काय चाललं होतं ते आधी सांगते.

वर्गात आठवडे बाजार भरला होता. एक भाजीवाली, एक सुके बोंबील विकणारी, एक बांगडीवाला, उधारी मागायला आलेला म्हातारा, आणि एक हवालदार (हवालदार मी ठरवला नव्हता, तो स्वतःच आला). ज्या मुलाला आजी व्हायचं होतं तो डोक्यावर माझी ओढणी घेऊन म्हणाला "मी आता घरी जातो", तर आख्खा वर्ग ओरडला, "आजी जाते म्हणेल ना रे!" मग त्याने कंबरेवर हात ठेवून "मी जाते गं बाई" असं म्हणून दाखवलं आणि पुढे सगळा वेळ एकदाही चुकला नाही. मी जातो आणि मी जाते, तो आला ती आली ते आलं, हे मी फळ्यावर तक्ता काढून किती वेळा शिकवलं असेल. आमच्या मुलांची घरची बोली वारली नाहीतर कोकणा, मराठीला जवळची असली तरी पुस्तकातली मराठी त्यांना परक्या गावची वाटते, त्यामुळे तक्ता पाठ होतो पण तोंडात बसत नाही. सोंग घेतलं की बसतो, कारण तिथे चुकीचं बोललं तर आजी खोटी वाटते आणि खोटी आजी मुलांना अजिबात चालत नाही.

बाजार उठल्यावर जो जे बोलला ते मी फळ्यावर लिहिलं. "बोंबील केवढ्याला?" "सुट्टे नाहीत." "उद्या देतो, आज उधार लिही." मग ज्याचं वाक्य त्याने वाचायचं, नंतर दुसऱ्याचं वाचायचं, शेवटी वहीत आपापल्या दुकानाची पाटी लिहायची. एकच ओळ मुलं परत परत वाचतात आणि कंटाळत नाहीत, कारण ती त्यांची स्वतःची ओळ असते. साहेब आले तेव्हा आम्ही पाट्यांपर्यंत पोचलोच नव्हतो, हवालदार आणि म्हाताऱ्याचं भांडण जोरात चालू होतं, त्यामुळे त्यांना नुसता गोंधळ दिसला हे मी समजू शकते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी की तुमचे स्वतःचेच कागद एक सांगतात आणि तपासायला येणारा दुसरंच बघतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९, त्यात स्पष्ट आहे की शिकणं कृतीतून आणि शोधातून व्हावं, मुलाला भीती वाटू नये, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परिच्छेद ४.७ आख्खा कला-समावेशित शिक्षणावर आहे, म्हणजे कला वेगळ्या तासाला कोंडायची नाही, तिच्यातून बाकीचे विषय शिकवायचे. आणि हे सगळं दिल्लीचं म्हणून बाजूला ठेवलं तरी आपला स्वतःचा २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर आहेच की, त्यात पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे (वर्षभर शिकता शिकता होणारं मूल्यमापन) आणि फक्त ३० संकलितचे (सत्राच्या शेवटची परीक्षा). आकारिकच्या साधनांत तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम-कृती आहे, दैनंदिन निरीक्षण आहे. मग बाजाराचं नाटक यातल्या कुठल्या खणात बसत नाही ते मला कोणीतरी सांगा. माझ्या मते चार खणांत बसतं.

दुसरी तक्रार स्टॉपवॉचची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यांमध्ये दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, पण ते *समजून* वाचायचे, असं आहे. प्रत्यक्षात भेटीला आलेल्या माणसाकडे वेळ नसतो, तो मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो, मूल सुसाट सुटतं, स्वल्पविराम नाही पूर्णविराम नाही, साठ शब्द झाले की शाब्बास. नंतर त्यालाच विचारा, गोष्टीत रुसलं कोण होतं, तर ते माझ्या तोंडाकडे बघतं. वेग मोजू नका असं मी म्हणत नाहीये, वेग लागतोच, अडखळत वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही हे मलाही माहितीये. पण समजलं का हे तपासायला आमच्याकडे स्टॉपवॉचपेक्षा जुनं आणि फुकटचं साधन आहे आणि ते वर्गात वापरलं की शेरा पडतो.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, ही गोष्ट तर सगळ्यांना येते. आम्ही काय करतो, गोष्ट झाली की चिऊला पुढे खुर्चीवर बसवतो आणि वर्गाने तिला प्रश्न विचारायचे. नियम एकच, उत्तर चिऊ म्हणूनच द्यायचं. "तू दार का नाही उघडलंस?" "माझं बाळ अंघोळ करत होतं." "मग नंतर तीट लावत होतीस, नंतर झोपवत होतीस, काऊ तोवर भिजतच होता ना?" एका पोरीने तर विचारलं की तुझं बाळ खरंच होतं का, आम्हाला तर कधी दिसलं नाही. हे दुसरीतलं मूल आहे! गोष्टीतल्या पात्रावर संशय घेतंय, का आणि कसं आणि केव्हा वापरून पूर्ण वाक्यात प्रश्न विचारतंय. आकलनाची याहून चांगली चाचणी मला तरी कुठल्या प्रश्नपत्रिकेत दिसलेली नाही. त्यानंतर तीच गोष्ट वाचायला दिली की मुलं थांबे बरोबर घेतात, प्रश्नचिन्हाला आवाज आपोआप वर जातो, कारण ते वाक्य कोण कोणाला आणि का म्हणतंय हे त्यांना माहिती झालेलं असतं.

तिसरी तक्रार, नाच आणि नाटक आपण गॅदरिंगला आणि २६ जानेवारीला बांधून टाकलंय. डिसेंबर उजाडला की भाषेचे गणिताचे सगळे तास बंद, स्पीकरवर सिनेमाचं गाणं, पोरं रांगेत हातपाय हलवतायत, गाण्यातल्या शब्दांचा त्यांना पत्ता नाही, भाड्याचे ड्रेस, पालकांकडून वर्गणी. याला कोणीच वेळ वाया गेला म्हणत नाही, उलट व्यासपीठावर बसायला सगळे साहेब येतात आणि भाषणही करतात. आणि ऑगस्टमध्ये बाजारावरचं नाटक केलं, त्यात एकही ड्रेस भाड्याचा नाही, प्रत्येक मूल स्वतःचं वाक्य बोलतंय, तर तो मात्र वाया. हा उलटा हिशोब मला खरंच कळत नाही.

चौथी, ट्रेनिंग. आजवर जेवढी प्रशिक्षणं केली त्यात कृतीयुक्त अध्यापन, आनंददायी शिक्षण हे शब्द भरपूर ऐकले, पण सगळे खुर्चीवर बसून, समोर पीपीटी, सुलभक स्लाईड वाचून दाखवतोय. नाटकातून भाषा कशी शिकवायची हे उभं राहून, आवाज लावून, स्वतः लाजून बघितल्याशिवाय कळत नाही. आपल्यातल्या बऱ्याच शिक्षकांना वर्गात म्हातारी व्हायला लाज वाटते, त्यांना दोष नाही, कधी कोणी करूनच घेतलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मुलांसाठीची संस्कार रंग टोळी १९८९ पासून काम करतेय. आणि एवढं लांब तरी कशाला, आपल्याच डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून वारल्यांच्या पाड्यांवर काय केलं? अंगणात बालवाडी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, गाणी, गोष्टी, नाच, आणि त्यातूनच बोलणं आणि शिकणं. ताराबाईंना पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री दिली, जयंतीला फोटोला हार घालतो. त्यांची पद्धत वर्गात दिसली की शेरा. (हे जरा टोचून लिहिलंय, पण राहू दे.)

पाचवी तक्रार गावातल्या कलाकारांची. आमच्या भागात तारपा आहे, दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं वाद्य. वादक सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची चाल बदलते, आणि ही चाल आमच्या पोरांच्या पायात शाळेत यायच्या आधीपासून असते. मी याचा उपयोग ऱ्हस्व-दीर्घासाठी करते. फूल म्हणताना एक लांब पाऊल, फुलं म्हणताना आखूड, मीठला लांब, मिठाईला आखूड. साखळी धरून नाचायचं आणि मी शब्द बदलला की पाऊल बदलायचं. जो चुकतो त्याच्यामुळे साखळी अडखळते, मग बाकीचे त्याला सांगतात. सगळ्यांचं शुद्धलेखन यामुळे सुधारलं असा दावा मी करणार नाही, पण वहीत लिहिताना पोरं खाली पाय हलवून बघतात हे रोज दिसतंय. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं निघतात, पोरं महिनाभर घरी त्याच चाली चालत असतात. विदर्भात दंडार आहे, झाडीपट्टीची नाटकं आहेत, सिंधुदुर्गात दशावतार आहे, देशावर भोंडला, भारूड, वासुदेव आहे. असा एक तालुका दाखवा जिथे सोंग आणणारा माणूस नाही. पण आपण या माणसांना शाळेत कधी बोलावतो? ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, पाहुणे येणार असले की, स्वागताला. नाचून झालं की नारळ आणि शाल, संपलं. वर्षातून दहा दिवस त्यांनी भाषेच्या तासाला येऊन बसावं यासाठी कुठल्या हेडखाली मानधन द्यायचं ते विचारलं तर उत्तर नाही, शाळेच्या अनुदानातून लाईट बिल निघतं तेवढंच.

वेळेचं रडगाणं मी लांबवत नाही, बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, ॲप, लिंक, तातडीचे गूगल फॉर्म, हे सगळ्यांना पाठ आहे. फक्त एक बोलते. आपल्याकडे ज्याचा फोटो निघतो ते टिकतं. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं तेव्हा ज्ञानरचनावादाच्या (मूल स्वतःच्या अनुभवातून स्वतः ज्ञान घडवतं हा विचार) नावाखाली राज्यभर फरश्या रंगल्या, कारण रंगवलेल्या फरशीचा फोटो छान येतो. चिऊला प्रश्न विचारणाऱ्या पोरीचा फोटो काढला तर त्यात एक मूल उभं आहे आणि एक खुर्चीत बसलंय एवढंच दिसतं.

आणि एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. २०२५ मध्ये १६ एप्रिलला पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा जीआर निघाला, २९ जूनला तो आणि नंतरचा सुधारित दोन्ही रद्द झाले, मधल्या काळात सगळं राज्य पेटलं. किती भाषा शिकवायच्या यावर मंत्र्यांपासून पानटपरीपर्यंत प्रत्येकाला मत होतं. मलाही होतं, ते जाऊ दे. पण सहा वर्षांच्या पोराला एक तरी भाषा नीट बोलायला *कशी* शिकवायची यावर त्या अडीच महिन्यांत कोणी ब्र काढला नाही. त्याच्या आधी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही शाळेत पेढे वाटले, फोटो अपलोड केले. दुसऱ्या दिवशी परत स्टॉपवॉच.

आता जे आक्षेप येणार आहेत त्यांच्याबद्दल. पहिला आक्षेप साहेबांचा नाही, पालकांचा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. एका मुलीचे बाबा मला सरळ म्हणाले, "बाई, नाच आम्ही घरी शिकवतो, तुम्ही वाचायला शिकवा." बरोबरच आहे त्यांचं. ज्या घरात पहिल्यांदा कोणी शाळेत जातंय तिथे शाळेने नुसतं नाचवून पाठवलं तर ती फसवणूकच. मी त्यांना वर्गात बसवून घेतलं, बाजार बघितला, पोरीने फळ्यावरची वाक्यं वाचली ती ऐकली. जाताना म्हणाले, ठीक आहे, पण इंग्रजीचं पण घ्या. घेते आता इंग्रजीचं पण.

दुसरा आक्षेप, नाटकाने बाराखडी येत नाही. नाहीच येत. अक्षर आणि आवाज यांची जोडी रोज बसून, गिरवून, वाचूनच पक्की करावी लागते आणि ती मी रोज करून घेते, त्याला शॉर्टकट नाही. नाटक त्याच्या जागी नकोय, त्याच्या शेजारी हवंय. तिसरा, आवाज. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथीला गणित चालू असतं, सरांना त्रास होतो, म्हणून आम्ही वेळ ठरवून घेतलीये आणि पाऊस नसेल तर पटांगणात जातो. हे प्रश्न शाळेच्या पातळीवर सुटतात, त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नाही.

आदेशाची गरज कशासाठी आहे ते आता लिहिते. या मागण्या आहेत, विनंती म्हणा हवं तर.

एससीईआरटीने एक पानाचं पत्रक काढावं, त्यात साध्या मराठीत लिहावं की पहिली ते पाचवीच्या भाषेच्या तासाला संवाद, सोंग, नाट्यीकरण, हालचाल आणि नाच हे अध्यापनच आहे आणि त्याची नोंद आकारिक मूल्यमापनात तोंडी काम किंवा प्रात्यक्षिक म्हणून धरावी. एवढं एक पत्रक वर्गाच्या भिंतीवर लावलेलं असलं तरी माझ्यासारख्या शंभर जणी बिनधास्त होतील.

आयुक्तसाहेब, भेटीच्या फॉर्ममध्ये शब्द प्रति मिनिटच्या खाली अजून दोन ओळी टाका. मूल स्वतःच्या मनाने सलग किती बोललं, आणि त्याने स्वतः प्रश्न विचारला का. भेट देणाऱ्याने स्टॉपवॉच बंद करून दहा मिनिटं मुलांशी गप्पा माराव्यात आणि मग लिहावं. ज्याला मुलांशी दहा मिनिटं बोलता येत नाही त्याने दुसऱ्याच्या भाषेच्या तासावर शेरा लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळांच्या समूह केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी एक तास फक्त याला द्या, खुर्च्या बाजूला सारून. घेणारा बाहेरचा तज्ज्ञच पाहिजे असं नाही, प्रत्येक केंद्रात एखादी तरी बाई किंवा सर हे वर्षानुवर्षं गुपचूप करतायत, त्यांना पुढे करा. डीएडच्या पोरांनाही पाठ घेताना एक पाठ नाट्यीकरणाचा सक्तीचा ठेवा.

स्थानिक कलाकारांसाठी वर्षातून दहा तासिकांचं मानधन, थेट त्यांच्या खात्यात, आणि त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पुरेसा धरावा. तारपेवाल्याकडे डिग्रीचं सर्टिफिकेट मागू नका. आम्हाला वेगळा कलाशिक्षक मिळणार नाही हे आम्हाला माहितीये, शिक्षण हक्क कायद्यातच अर्धवेळ निदेशक सहावी ते आठवीला आणि तेही शंभरच्या वर पट असला तर आहे, आमचा पट तेवढा सात जन्मात होणार नाही. म्हणून जे गावात आहे तेच वापरू द्या.

बालभारतीला एवढंच की पाठ लिहिताना तो मोठ्याने बोलून बघा. पुस्तकातले संवाद पुष्कळदा असे असतात की दोन मुलं समोरासमोर उभी करून म्हणायला लावले तर दोघंही सूचनाफलक वाचतायत असं वाटतं. प्रत्येक घटकात एक तरी पाठ करून बघण्यासाठीच लिहिलेला असू द्या, शेवट मुलांनी ठरवायचा, आणि जागा सोडा जिथे ती आपल्या बोलीतलं वाक्य घालू शकतील. पुस्तक बदलायला वेळ लागतो हे कारण आता चालणार नाही, २०२३ मध्ये पुस्तकांत कोरी पानं घातली आणि २०२५ मध्ये काढली, आम्ही दोन्ही वेळा बघितलं.

शेवटची मागणी हात जोडून करते. यातलं काहीही मान्य केलंत तर कृपा करून त्याचं ॲप काढू नका. व्हिडिओ अपलोड करा, लिंक भरा, हॅशटॅग लावा, तालुक्यात पहिला कोण, असलं काही नको. स्पर्धा तर नकोच नको, स्पर्धा आली की परत भाड्याचे ड्रेस आले.

तुमच्यापैकी कोणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर जरूर या. आधी कळवू नका, कळवलंत तर रांगोळ्या आणि गुलाबाच्या फुलांत अर्धा दिवस जातो. फक्त मंगळवार सोडून या, त्या दिवशी खरा बाजार असतो आणि पोरं आईबरोबर तिकडे गेलेली असतात.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतली पहिली-दुसरीची बाई